नवरीने नाही म्हणायचं नसतं

गच्चीत मिरच्या घातल्या आहेत. काश्मिरी एका चटईवर, रेशमपट्टी दुसरीवर, आणि मधून चालायला टीचभर वाट. मे महिन्याचं ऊन असं, की लादी चपलेतून भाजते. वर्षाचा मसाला ह्याच दिवसांत कुटून बाटल्यांत ठासून भरायचा, आणि लग्नंही ह्याच दिवसांत. त्यामुळे आमच्या गावठाणात लग्न म्हटलं की मला आधी शिंक येते. देवनारकडून वारा फिरला की मिरचीच्या खाटात डम्पिंगच्या कचऱ्याचा वास मिसळतो. बाहेरचे पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आम्ही जेवत असतो.

ह्या वर्षी लग्न माझ्याच घरात आहे, माझ्या मुलीचं, शेरिलचं. उपवासकाळात आम्हा कॅथलिकांची लग्नं लागत नाहीत. ईस्टर झाला की सीझन उघडतो आणि मग पाऊस येईपर्यंत दर शनिवार-रविवार कुणाच्या तरी दारात मांडव. परवा शेरिल माझ्यासोबत मिरच्यांची देठं खुडायला बसली होती. हातात रबरी मोजे घालून. आम्ही उघड्या हातांनी खुडायचो आणि दिवसभर डोळ्याला बोट लावायचो नाही. तर खुडता खुडता मध्येच तिने विचारलं, मम्मी, मला खरंच सगळ्यांबरोबर नाचावं लागणार का? म्हटलं, लागणार. पहिला वॉल्ट्झ नवऱ्याबरोबर, मग दोघांचे आईबाप फ्लोअरवर उतरतात, आणि मग जो हात पुढे करील त्याच्याबरोबर. नवरीने नाही म्हणायचं नसतं. शेजारचा म्हातारा असो, नवऱ्याच्या ऑफिसातला घामट साहेब असो, नाहीतर खिमाडाचे, आमच्या मसाल्याच्या दारूचे, चार घोट जास्त झालेला मावसा असो. टाचा सोलवटल्या तरी चालेल, तोंड वाकडं व्हायला नको.

शेरिल म्हणाली, हा काय जुलूम आहे यार. मी म्हटलं, ह्याला इंग्रजीत नाव आहे.

मी घरी दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. वाक्प्रचार शिकवताना एक जुनापुराणा येतो, हल्ली कुणी बोलण्यात वापरत नाही: टू डान्स अटेंडन्स. गेल्या वर्षी एका पोराने त्याचा अर्थ ठोकून दिला, नाचत नाचत हजेरी लावणे. वर्ग खो खो हसला, मीही हसले. अर्थ असा, की कुणाच्या तरी पुढे पुढे करत राहायचं, त्याच्या मर्जीसाठी दारात ताटकळायचं, तो ऊठ म्हणाला की उठायचं. आणि उगम असा सांगतात, की पूर्वी तिकडच्या लग्नांत नवरीला प्रत्येक पाहुण्याबरोबर नाचावं लागे. कितीही थकली तरी, समोरचा कितीही नकोसा असला तरी. त्या नवरीवरून हा शब्द आला. खरं-खोटं देव जाणे. शब्दांच्या जन्मकथा म्हणजे लग्नघरातल्या म्हाताऱ्यांच्या गप्पा, ऐकायला झकास आणि पुरावा मागायचा नाही. पण ही मला पटली. आपल्याकडे हांजी हांजी करणं आहे, हुजरेगिरी आहे, कुणाच्या तालावर नाचणं आहे, पण ह्यांतल्या कशातच ती बाई दिसत नाही. इंग्रजीतल्या शब्दात ती अजून उभी आहे, हसरं तोंड करून, बुटात सुजलेले पाय घेऊन.

मला ती दिसते, कारण मी ती होते.

माझ्या पापांचा बँड होता. दिवसा ते चेंबूरला कंपनीत मशीनवर उभे राहायचे आणि सीझनमध्ये शनिवार-रविवार ट्रंपेट. गावठाणातली निम्मी लग्नं त्यांनी वाजवली. त्यांना मुलगा हवा होता वाजवायला, आणि मुलगा होताही, माझा धाकटा भाऊ ग्लेन. पण ग्लेनला फुंकायचा कंटाळा. दोन मिनिटं वाजवायचा आणि ओठ दुखतात म्हणून क्रिकेट खेळायला पळायचा. मी दारात उभी राहून ऐकायचे. एकदा पापांनी माउथपीस माझ्याकडे फेकला आणि म्हणाले, फुंक बघू. मी फुंकलं. पहिल्याच फटक्याला स्वर निघाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंपनीतून आल्यावर चहासुद्धा न पिता त्यांनी मला गच्चीवर नेलं.

ती माहेरची गच्ची. अशाच मिरच्यांच्या कडेला उभी राहून मी लांब सूर धरायला शिकले. श्वास पोटातून घ्यायचा, गाल फुगवायचे नाहीत. मिरचीच्या दिवसांत मधेच शिंक यायची आणि ट्रंपेटमधून असा काही आवाज निघायचा की खालच्या गल्लीतली कुत्री उठून बसायची. पापा हसून हसून बेजार व्हायचे. त्यांचा कडक स्वभाव सगळ्या गावठाणाला माहीत होता. हसणं फक्त मला माहीत होतं.

मग मी बँडमध्ये बसले. आधी मागच्या रांगेत, मग दुसऱ्या ट्रंपेटवर. लोक बघायचे, बोलायचेही. पोरगी भोंगा वाजवते, हिला नवरा कोण देणार. पापा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, तिच्यासारखा सूर लावणारा पोरगा आणून दाखवा, तिला उठवतो. पुढे त्यांचे समोरचे दात हलायला लागले. ट्रंपेट वाजवणाऱ्याचं सगळं त्या दातांवर. ओठाला आधार राहिला नाही की खेळ खलास. कवळी बसवून आले त्या दिवशी त्यांनी आपलं ट्रंपेट माझ्या मांडीवर ठेवलं. आई तिथेच मासे साफ करत होती. म्हणाले, आता पहिली खुर्ची तुझी, लग्न झालं तरी तुझीच. बँड तुझ्या हाती.

असं बोलणं माणूस विसरत नाही. देणारा विसरला तरी घेणारा विसरत नाही.

त्यामुळे स्थळं बघताना माझी एकच अट होती, गाव जवळचं हवं. वसईचं चांगलं स्थळ आलं होतं, घरची वाडी, विहीर, सगळं. मी नको म्हटलं. दर शनिवारी तिकडून येऊन वाजवणार कशी? आल्विन कुर्ल्याचा. कुर्ल्याहून चेंबूर म्हणजे काय, बसने एक डुलकी. मी त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं, मी बँडमध्ये वाजवते आणि वाजवत राहणार. तो हसला आणि म्हणाला, वाजव की. आवडला मला. अजून आठवतं, फिका निळा शर्ट होता.

आता बँडवाल्यांची एक रीत सांगते, म्हणजे माझं दुखणं कळेल. बँडमधल्या माणसाचं लग्न असलं, की त्या दिवशी त्याची खुर्ची कुणाला द्यायची नाही. त्याचं वाद्य त्या रिकाम्या खुर्चीवर ठेवायचं. एक माणूस कमी पडला तरी चालेल, सूर लंगडा झाला तरी चालेल. केक कापला, टोस्ट झाला, की नवरा कोट काढून स्टेजवर चढतो, आपल्या खुर्चीत बसून एक ट्यून वाजवतो, वाद्य परत खुर्चीवर ठेवतो आणि खाली उतरतो. म्हणजे सांगायचं, जागा धरून ठेवा, मी परत येतोय. ड्रमवाल्या सायमनकाकांच्या लग्नात मी ते पाहिलं होतं, क्लॅरिनेटवाल्याच्या पाहिलं होतं. पुरुषच सगळे. नवरीने चढून वाजवायची वेळ आमच्या गावठाणात कधी आलीच नव्हती. माझ्या लग्नात येणार होती.

त्या सीझनचं मला सगळं आठवतं. अंगणात नारळाच्या झावळ्या विणत बसलेले काका, तळायच्या फुग्यांचं पीठ फुगून पातेल्याबाहेर आलं म्हणून आईने घातलेला गोंधळ. आदल्या संध्याकाळी नवरीच्या आंघोळीचं, उंबराचं पाणी आणायला विहिरीवर गेलो तेव्हा बँड पुढे होता आणि माझ्या ट्रंपेटवर ग्लेन होता. मला त्यात काही वाटलं नाही. नवरी डोक्यावर घागर घेणार की ट्रंपेट वाजवणार? कुणीतरी वाजवायला हवंच. त्याचे सूर फाटत होते आणि मी घागरीखाली हसत होते. लग्नाच्या सकाळी, मेंदीच्या हातांनी, मी स्वतः ट्रंपेट चिंचेने घासलं, व्हाल्व्हना तेल दिलं, ओल्या फडक्याने पुसून पेटीत ठेवलं. खुर्चीवर चकाकलं पाहिजे म्हणून. ट्यूनही ठरली होती, पापांनीच शिकवलेला एक जुना वॉल्ट्झ. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ट्रंपेटच्या तोंडात टॉवेल कोंबून महिनाभर घोटवला होता.

शाळेच्या पटांगणात मांडव. आल्विनच्या हाताला धरून आत शिरले, लोक उभे राहिले, टाळ्या. मी आधी स्टेजकडे पाहिलं. नवरीने आधी देवाकडे, नाहीतर नवऱ्याकडे बघावं, मी खुर्चीकडे बघितलं. पहिल्या खुर्चीवर ग्लेन बसला होता. नवा सूट, मांडीवर माझं ट्रंपेट. रिकामी खुर्ची एकही नव्हती.

मला वाटलं, उठेल. केक कापेपर्यंत वाजवेल आणि उठेल. केक कापला. टोस्ट झाला. मी सायमनकाकांकडे बघितलं, त्यांनी मान खाली घालून ड्रमचा स्क्रू पिळायला घेतला. तेव्हा कळलं. बँडमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून.

पहिला वॉल्ट्झ आल्विनबरोबर. त्याने विचारलं, काय झालं, हात गार पडलेत तुझे. मग पापांनी हात पुढे केला. बापाला नाही म्हणता येतं का, आणि तेही नवरीला? त्यांच्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. फिरता फिरता मी कानाशी विचारलं, "पापा, माझी खुर्ची?"

ते माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होते. म्हणाले, "पायाकडे बघ. ताल चुकतोय."

बस. एवढंच. त्यानंतर हात येत गेले आणि मी नाचत गेले. कोण कोण होते ते आठवत नाही. एकाने पायावर पाय दिला, एकाने माझ्या ट्रंपेटचं कौतुक केलं आणि म्हणाला, आता भावाने घेतलं ते बरं झालं, बाईमाणसाचा ओठ काळा पडतो. मी हसले. नवरीने हसायचं असतं. स्टेजवर ग्लेन माझा वॉल्ट्झ वाजवत होता, उंच सुराला घसरत होता, आणि त्या घसरलेल्या सुरावर मी गोल गोल फिरत होते. जिवंतपणी आपल्याच घरी आपल्या जागेवर दुसऱ्याला बसलेलं बघणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं, पांढऱ्या गाऊनमध्ये.

फसवणूक एकदम दुखत नाही. आधी माणूस हिशोब जुळवत बसतो, कदाचित असं असेल, कदाचित तसं असेल. दुखायला लागते नंतर, भांडी घासताना, बसची वाट बघताना. लग्नानंतर माहेरी गेले तेव्हा पापांना सरळ विचारलं. ते म्हणाले, आता सोड तो विषय, संसार बघ. मी तो विषय सोडला आणि त्यांच्याशी बोलणंही जवळजवळ सोडलं. सणाला गेले, आजारपणात गेले, सूप करून नेलं, पण गच्चीवर हसणारा बाप माझ्यापुरता गेला. ओठाचं म्हणाल तर वाजवणं थांबलं की ओठाची पकड काही महिन्यांतच सुटते. मग हातात सोन्याचं ट्रंपेट दिलं तरी उपयोग नाही.

आणि ह्या सगळ्यात आल्विन माझ्या बाजूने होता. हे लिहिताना मला हसू येतंय, पण तेव्हा तो एकटाच माझ्या बाजूने होता. गल्लीतून वरात गेली आणि बँड ऐकून मी खिडकी लावून घेतली, की तो मागून यायचा, पाठीवर हात ठेवायचा. म्हणायचा, तुझ्या बापाने फार वाईट केलं गं तुझं, त्याच्या जागी मी असतो तर असं होऊ दिलं नसतं. किती गोड वाटायचं. ह्या एका वाक्यासाठी मी त्याच्या घरात काय केलं नाही? त्याच्या शर्टाची कॉलर त्याला हवी तशी कडक. त्याच्या आईचं अंथरुणातलं सगळं, शेवटपर्यंत, नाक न मुरडता. तो यायच्या आधी दारात, तो उठायच्या आधी चहा. कुणी सांगितलं नव्हतं मला. बापाने टाकलं आणि ह्याने जपलं, ह्या उपकाराखाली मी नाचत होते. सासूबाई जाताना म्हणाल्या होत्या, तुझ्यासारखी सून मिळायला नशीब लागतं. लागतंच.

गेल्या रविवारी पापांकडे गेले होते. ते त्याच जुन्या घरात आता ग्लेनकडे असतात, बँड कधीच बंद पडला, ट्रंपेट शोकेसमध्ये आहे. शेरिलला चर्चमधून निघताना खरा बँड हवाय, कुणाला बोलवू ते विचारायला गेले होते. पापा खाटेवर बसून पावाची कड चहात बुडवत होते. कवळी बाजूच्या वाटीत. त्यांनी दोन नावं सांगितली. मग सहज, पाऊस येईलसं वाटतंय म्हणावं इतक्या सहज, म्हणाले, "तू अजून माझ्यावरच राग धरून बसलीस. मागितलं तर तुझ्या नवऱ्यानेच होतं."

मी म्हटलं, काय मागितलं?

त्यांनी पाव खाली ठेवला. लग्नाआधी आल्विन एकटा येऊन गेला होता, म्हणे. इथेच बसला होता. म्हणाला, दुसऱ्यांच्या लग्नांत माझी बायको वाजवत बसलेली आमच्या घरात चालणार नाही, तेव्हा तिची जागा लग्नातच भरून टाका, म्हणजे आशा राहणार नाही. आणि तिला आत्ता सांगू नका, लग्न मोडेल, मी मागाहून तिला नीट समजावतो. पापांना वाटलं, समजावलं असेल. आणि मी त्यांच्याशी बोलत नव्हते तेव्हा वाटलं, सगळं कळूनही हिचा राग बापावरच आहे. पोरीच्या संसारात काडी कशाला टाका, म्हणून गप्प बसले. मी विचारलं, आणि तुम्ही लगेच हो म्हणालात? ते म्हणाले, जावई होता ना गं.

मला त्यांची कीव आली नाही. कुणाला वाटेल, गैरसमज फिटला, बापलेक गळ्यात पडले. छे. मागणारा एक आणि देणारा एक, दोघं मिळून चोर. फक्त एकाने निदान माझ्या पाठीवर हात फिरवला नव्हता. मी कवळी पाण्याखाली धुऊन त्यांच्या हातात दिली आणि निघाले. येताना रिक्षात मला तो फिका निळा शर्ट आठवत राहिला. वाजव की, म्हणाला होता.

आल्विनला मी आठवडाभर काही बोलले नाही. काय बोलायचं? घरात पाहुण्यांच्या याद्या चालू, केटररचे फोन चालू. रोजच्यासारखा चहा दिला. पण चहा देताना माझाच हात मला परका वाटायचा. मी त्या इंग्रजी नवरीचा विचार करत होते. तिचा नाच कुठे तरी संपत असेल ना? शेवटचा पाहुणा गेला, बूट काढले, पाय पाण्यात सोडले, संपलं. लग्नाचा एक दिवस. तो दिवस संपलाय हे तिला कुणी सांगितलंच नाही तर?

आज सकाळी शेरिल गाऊनच्या फिटिंगला गेली. आल्विनने हॉलमधला टीपॉय भिंतीला लावला, मोबाइलवर वॉल्ट्झ लावला. पहिल्या नाचानंतर नवरीच्या आईबापांना उतरावं लागतं, आणि त्याला सराव करायचा होता. मी मिरच्या उलटायला गच्चीत निघाले होते, डोक्याला फडकं बांधलेलं. तो हॉलच्या मधोमध उभा राहिला, पोट आत ओढलं आणि हात पुढे केला.

"चल ना, जेन. पाय विसरलेत."

मी म्हटलं, "नाही."

तो हसला. चेष्टा वाटली त्याला. एवढ्या वर्षांत मी त्याला कधी कशाला नाही म्हटलेलं नाही. म्हणाला, अगं नवरीच्या आईने नाही म्हणून कसं चालेल? मी म्हटलं, नवरीने नाही म्हणायचं नसतं. आईला म्हणता येतं.

हात अजून पुढेच होता. मग त्याने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि विचारलं, काय झालंय?

"आल्विन, माझी खुर्ची कुणी भरायला लावली?"

मोबाइलवर वॉल्ट्झ चालूच होता. मला वाटलं होतं, नाही म्हणेल, कुणी सांगितलं विचारेल, निदान रागावेल. तो मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे बघत राहिला.

मी गच्चीत आले. मिरच्या एका बाजूने तापल्या होत्या, उलटायला हव्या होत्या. खाली वॉल्ट्झ संपला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. त्याला बंद करायचं सुचलं नसावं.